खाप्याचा पीसी आणि एकवीस वॅटचे बल्ब



इंजिनीअरिंगला नंबर लागला की पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागायच्या आतच आपण अख्ख्या गावाचे मेकॅनिक होतो. ब्रँच कोणतीही असो! सिव्हिलवाल्याला मिक्सर दाखवतात, मेकॅनिकलवाल्याला मोबाईल, आणि आम्हा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना तर जे काही वायरने जोडलेलं असेल ते सगळं. "चार वर्षं शिकून राह्यला अन् एवढंही येत नाही का बे?" या प्रश्नाला उत्तर नसतं. म्हणून मग आपण पेचकस घेतो, डबा उघडतो, रॅम काढतो, खोडरबरने घासतो, परत लावतो आणि देवाचं नाव घेऊन बटण दाबतो. दहापैकी तीन-चार वेळा पीसी चालूही होतो. उरलेल्या वेळी काय करायचं, त्यासाठी हा लेख.

आमच्या वर्गातला एक मित्र खाप्याचा. खापा म्हटलं की बाहेरचे लोक लगेच विचारतात, "म्हणजे पॉवर स्टेशनचं ना?" नाही हो, ते खापरखेडा. दोन्ही सावनेर तालुक्यातच, त्यामुळे हा घोळ नेहमीचा. खापा हे कन्हान नदीच्या काठावरचं, विणकरांचं जुनं गाव. जवळच गुमगावची मँगनीजची खाण. मित्राच्या घरी अजून एक हातमाग आहे, आणि ज्या खोलीत माग, त्याच खोलीत पीसी. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामी येणार आहे.

पीसी २०१० साली घेतलेला, असेंबल्ड, कोअर टू ड्युओ प्रोसेसर, विंडोज ७. तुम्ही हसाल, पण त्या डब्यात बारा बायकांचा पैसा होता. म्हणजे पैशाचा हिशेब. मित्राची आई महिला बचत गटाची सचिव. दर महिन्याची वर्गणी, कोणी किती अंतर्गत कर्ज घेतलं, व्याज किती, फेड किती, हे सगळं काकू आधी वहीत लिहायच्या. मित्राने हौसेने एक्सेल शिकवलं आणि दोन वर्षांपासून वही बंद झाली. नाबार्डने १९९२ साली ५०० गटांपासून बचत गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला, तेव्हापासून या सगळ्या कारभाराचा पाया एकच आहे: गटाचा स्वतःचा हिशेब चोख पाहिजे. बँकेत कर्जाच्या नूतनीकरणाला तो हिशेब गुरुवारी न्यायचा होता, आणि आदल्या शुक्रवारी पीसी बंद पडला. बटण दाबलं की पंखा एकदा थरथरतो आणि थांबतो. बस.

मित्राने तो एका दुकानात नेला. तिथे दहा मिनिटांत निदान झालं: मदरबोर्ड गेला, हा बोर्ड आता मिळत नाही, नवा सेट नऊ हजार, आणि हार्ड डिस्क "फॉर्मॅट मारावी लागेल". मित्र पीसी उचलून परत घरी घेऊन आला आणि शनिवारी मी एसटीने खाप्याला गेलो. सोबत मल्टिमीटर, हॉस्टेलमधल्या एकाचा चांगला चालणारा एसएमपीएस, हार्ड डिस्क यूएसबीला जोडायचा ॲडॅप्टर आणि लिनक्सचा पेनड्राइव्ह.

सगळ्यात आधी प्रश्न विचारायचे. डॉक्टर जसा नाडी बघण्याआधी "कधीपासून?" विचारतो, तसं. बंद पडला त्या दिवशी काय झालं? लाइट गेली होती का? आवाज, वास? त्याआधी पीसी कुरकुरत होता का? मित्राला यातलं काहीच आठवत नव्हतं. काकूंना मात्र सगळं माहीत होतं. "दोन महिने झाले, पहिल्या बटणात चालूच होत नाही. तीन-चारदा दाबावं लागते. अन् दुपारी काम करता करता आपोआप बंद पडते. अन् त्या डब्ब्याले हात लावला का मुंग्या येतेत बाप्पा! मी केव्हाची सांगून राह्यली याले."

काकूंच्या या चार वाक्यांत तीन वेगवेगळे बिघाड होते. आपल्याकडे पीसी "अचानक" बंद पडला असं सगळेच म्हणतात, पण यंत्र सहसा आधी सांगत असतं. ते रोज वापरणाऱ्या माणसाला विचारायला हवं. बिल भरणाऱ्याला विचारून उपयोग नाही.

मुंग्यांपासून सुरुवात केली, कारण तो जिवाशी खेळ. सॉकेटवर मीटर लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३२ व्होल्ट, ठीक. फेज आणि अर्थमध्येही २३० च्या आसपास यायला हवेत; तिथे आकडा नुसता इकडे-तिकडे हिंडत होता. म्हणजे सॉकेटला तिसरं भोक होतं, पण त्याच्या मागे वायरच नव्हती. मग डब्याच्या पत्र्यावर मीटर धरला: १०८ व्होल्ट! मित्र दोन पावलं मागे सरकला.

हे व्होल्टेज येतं कुठून? एसएमपीएसच्या तोंडाशीच नॉइज थांबवायला दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून पत्र्यापर्यंत आणि दुसरा न्यूट्रलपासून पत्र्यापर्यंत. पत्रा जमिनीला जोडलेला नसेल तर हे दोघे मिळून व्होल्टेज डिव्हायडर होतात आणि पत्रा मधोमध, म्हणजे २३० च्या निम्म्यावर तरंगतो. सेकंड सेमचं बेसिक इलेक्ट्रिकल! पण माणसाने हात लावल्यावर वाहणारा करंट किती? कपॅसिटर २.२ नॅनोफॅरॅडचा धरा: २३० गुणिले ३१४ गुणिले २.२ नॅनो, म्हणजे साधारण ०.१६ मिलिअँपिअर. जीव घेण्याइतका नाही, मुंग्या आणण्यापुरता. तरी याच्यावर हसून सोडून देऊ नका. उद्या आत कुठे इन्सुलेशन फाटलं तर त्या पत्र्याला वाचवणारं काहीच नाही. गावच्या इलेक्ट्रिशियनला त्याच दिवशी बोलावलं. तोपर्यंत खोलीतल्या सॉकेटवर पीसी जोडायचा नाही असं ठरलं, आणि पुढचं सगळं काम शेजारच्या घरी केलं, जिथे अर्थिंग मोजून बरोबर आलं.

आता दुसरी पायरी. आणि इथे माझं मत जरा कडक आहे: मशीनला हात लावण्याआधी डेटा बाहेर. नवा मदरबोर्ड बाजारात मिळतो, दोन वर्षांचा हिशेब कुठे मिळतो? हार्ड डिस्क काढली. साडेतीन इंची डिस्कला मोटर फिरवायला १२ व्होल्ट लागतात, ते यूएसबीतून मिळत नाहीत, म्हणून ॲडॅप्टर स्वतःच्या पॉवर सप्लायचा लागतो. लॅपटॉप लिनक्सवर चालू करून डिस्क 'रीड ओन्ली' जोडली, म्हणजे आपल्या हातून तिच्यावर एक बाइटही लिहिला जाणार नाही. डिस्कची स्मार्ट माहिती पाहिली, वाचायला अडणारे सेक्टर शून्य. डिस्क ठणठणीत होती. फॉर्मॅट "मारायचं" कारणच नव्हतं.

कॉपी करण्याआधी मित्राला विचारलं, कोणते फोल्डर उघडायचे आणि कोणते नाही. हे विचारायचंच. २००८ साली हाँगकाँगमध्ये एका नटाने दुरुस्तीला दिलेल्या लॅपटॉपमधले खासगी फोटो बाहेर फुटले आणि किती तरी लोकांची आयुष्यं ढवळून निघाली. दुसऱ्याची डिस्क हातात असणं म्हणजे दुसऱ्याच्या कपाटाची किल्ली हातात असणं.

हिशेबाची फाईल सापडली. उघडली. आकडे सगळे जागच्या जागी, पण मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा! वरच्या शीर्षकात 'सी-पी-आर' आणि पुढे 'एक्स-व्ही'. मित्र घाबरून म्हणाला, "फाईल करप्ट झाली बे!" झाली नव्हती. ती कृतिदेव फाँटमध्ये टाईप केलेली होती. असे जुने फाँट युनिकोडचे नाहीत. त्यांच्यात इंग्रजी 'सी' च्या जागेवर 'ब' चं चित्र बसवलेलं असतं, 'पी' च्या जागेवर 'च', 'आर' च्या जागेवर 'त'. फाईलमध्ये प्रत्यक्षात साठतं ते इंग्रजी अक्षरच. फाँट असेल तर 'बचत गट' दिसतं, नसेल तर 'सीपीआर'. आपल्या भागात टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या प्रत्येकाच्या पीसीत अशा फाईली पडल्या आहेत. म्हणून जुन्या पीसीचा बॅकअप घेताना विंडोजचं फाँट्सचं फोल्डरही आठवणीने उचला. डॉक्युमेंट्स सगळेच घेतात, फाँट कोणी घेत नाही. आम्ही तो फाँट लॅपटॉपवर टाकला आणि बाराही जणींची नावं समोर आली. फाईल पेनड्राइव्हवर, मित्राच्या मेलवर आणि काकूंच्या समाधानासाठी कागदावर, अशी तीन ठिकाणी गेली. गुरुवारचं काम इथेच झालं होतं. पीसी उघडायचा अजून बाकी होता.

आता मुख्य प्रकरण. दुकानातलं निदान कसं झालं होतं? मित्राने पाहिलं होतं ते असं: एसएमपीएस सुटा काढला, २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये हिरवी वायर काळीला जोडली, पंखा गरगर फिरला, पिवळ्या वायरवर मीटर लावला, १२.१ व्होल्ट. "एसएमपीएस ओके." मग उरला कोण? मदरबोर्ड.

यातला दोष तुमच्या घरातही दिसेल. रिमोटमधला संपलेला पेन्सिल सेल काढा आणि मीटर लावा. १.४ व्होल्ट दाखवेल. तोच टॉर्चमध्ये घाला, उजेड पडणार नाही. मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे सेलच्या आतल्या रेझिस्टन्सवर व्होल्टेज पडतच नाही आणि मेलेला सेल जिवंत दिसतो. ईएमएफ आणि टर्मिनल व्होल्टेज यातला फरक आपण अकरावीत शिकतो, थेव्हेनिनच्या नावाने परत शिकतो, व्हायव्हात सांगतो आणि पीसीसमोर बसलो की विसरतो. नो-लोडवर घेतलेलं रीडिंग एसएमपीएसबद्दल फक्त एवढंच सांगतं की तो अगदीच मेलेला नाही.

शिवाय करंट मागणारा कोण आहे तेही पाहा. पेंटियम ४ च्या काळापासून प्रोसेसरला ताकद येते ती १२ व्होल्टच्या वेगळ्या चार पिनांच्या कनेक्टरमधून. बोर्डावरचं सर्किट त्याचे एक-सव्वा व्होल्ट करतं. ६५ वॅटचा प्रोसेसर पूर्ण कामाला लागला की तिथे पन्नासेक अँपिअर वाहतात, आणि त्यासाठी पिवळ्या वायरवर सहा-सात अँपिअर लागतात. चालू होतानाचा तो एक झटका एसएमपीएसला पेलवला नाही तर तो स्वतःला बंद करून घेतो. पंखा एकदा थरथरतो आणि थांबतो. आठवलं?

मग लोड आणायचा कुठून? लॅबमध्ये रिओस्टॅट असतो, खाप्यात तो कोण देणार! पण गाडी-ट्रॅक्टरची वायरिंग करणारं दुकान कुठल्याही गावात असतं. तिथून इंडिकेटरचे १२ व्होल्ट, २१ वॅटचे तीन बल्ब आणि होल्डर आणले. एक बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर घेतो, दोन म्हणजे साडेतीन. हेडलाइटचा बल्ब मुद्दाम टाळला, कारण थंड फिलामेंटचा रेझिस्टन्स गरम फिलामेंटच्या सुमारे दहावा हिस्साच असतो, त्यामुळे पहिल्या क्षणी करंट इतका उसळतो की चांगला एसएमपीएससुद्धा ट्रिप होऊ शकतो आणि आपण निरपराध्याला फाशी देतो.

आणखी एक खोच आहे. जुन्या, स्वस्त एसएमपीएसमध्ये ५ आणि १२ व्होल्टच्या लाइनी एकाच फीडबॅकवर बांधलेल्या असतात. फक्त १२ वर लोड टाकला तर १२ खाली जातो आणि ५ वर चढतो, बिघाड नसतानाही. म्हणून तिसरा बल्ब लाल वायरवर, ५ व्होल्टला. तिथे तो मंद जळतो आणि अंदाजे एक अँपिअर घेतो, तेवढं पुरतं.

आधी हॉस्टेलचा चांगला एसएमपीएस लावला. हे महत्त्वाचं! आपली परीक्षाच बरोबर आहे का, ते आधी तपासायचं. नो-लोड १२.०५, तिन्ही बल्ब लावल्यावर ११.९. एटीएक्सच्या नियमाप्रमाणे ५ टक्के चालतात, म्हणजे ११.४ ते १२.६. पास.

मग काकूंचा. नो-लोड १२.१, दुकानात आला तोच आकडा. दोन्ही बल्ब लावले: ११.२... १०.८... १०.४... करड्या वायरवरचा 'पॉवर गुड' सिग्नल शून्यावर, आणि सगळं बंद. तीनदा केलं, तीनदा तेच. शेजारच्या घरची चार-पाच पोट्टी जमली होती, त्यांना बल्ब विझताना फार मजा आली.

पण एसएमपीएस वाईट आहे हे सिद्ध झालं म्हणून मदरबोर्ड चांगला ठरत नाही. तो वेगळा सिद्ध करावा लागतो. बोर्डावरून सगळं काढलं: डिस्क, डीव्हीडी, रॅमसुद्धा. उरले प्रोसेसर, त्याचा पंखा आणि छोटा स्पीकर. चांगला एसएमपीएस लावून बटण दाबलं. लांब बीप... परत लांब बीप... मित्राचं तोंड उतरलं, मी मात्र खूश! कारण रॅम नाही अशी तक्रार करायला प्रोसेसर जागा असावा लागतो, त्याने बायॉस वाचावा लागतो, चिपसेटने उत्तर द्यावं लागतं. मेलेला बोर्ड तक्रार करत नाही. शांतता असती तर खरी काळजी होती. रॅम लावली (हो, खोडरबरने घासूनच, परंपरा पाळावी), आणि स्क्रीनवर बायॉस आला. तारीख १ जानेवारीला गेलेली, म्हणजे बोर्डावरचा तीन व्होल्टचा बटण सेलही संपलेला. वीस-तीस रुपयांची गोष्ट.

आता काकूंचं उरलेलं वाक्य: दुपारी आपोआप बंद पडते. बायॉसमध्येच प्रोसेसरचं तापमान दिसतं. काही काम न करता ते चढत चढत ८० अंशांच्या पुढे गेलं. पंखा खोलला तर खाली हीटसिंक दिसेचना! पात्यांच्या मध्ये पांढऱ्या-करड्या नमद्यासारखा थर बसला होता. धूळ म्हणावी तर ती तशी नव्हती. मागावरून उडणारे सुताचे बारीक तंतू, चौदा-पंधरा वर्षांचे, घट्ट दाबले गेलेले. अक्षरशः घरी विणलेलं ब्लँकेट. ते चिमट्याने उचललं, ब्रशने साफ केलं, वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. तापमान ४६ वर येऊन थांबलं, तेही मे महिन्यात.

आणि हाच थर एसएमपीएसच्या मरणालाही जबाबदार आहे असं माझं मत. सोमवारी कॉलेजच्या लॅबमध्ये सरांसमोर तो उघडला. इथे एक इशारा: एसएमपीएसच्या आत मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी असतात (२३० गुणिले वर्गमूळ २), आणि वायर काढल्यावरही ते काही वेळ टिकू शकतात. रेझिस्टरमधून डिस्चार्ज करून, मीटरने शून्य बघितल्याशिवाय हात घालायचा नाही. एकट्याने, घरी, रात्री तर मुळीच नाही. आत १२ व्होल्टच्या लाइनवरचे दोन कपॅसिटर माथ्यावर फुगलेले होते. एलसीआर मीटरवर २२०० मायक्रोफॅरॅडच्या जागी एक ७४० भरला, दुसरा त्याहून कमी.

फुगलेला कपॅसिटर दिसला की जाणकार लोक एक कथा सांगतात. १९९९ ते २००७ या काळात जगभर लाखो मदरबोर्डांवरचे कपॅसिटर असेच फुगले आणि फुटले. इलेक्ट्रोलाइटच्या चोरलेल्या, अर्धवट फॉर्म्युल्याची गोष्ट तेव्हा खूप गाजली, आणि डेल कंपनीला २००५ साली अशा कॉम्प्युटरांपायी ३० कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. कथा रंजक आहे, पण काकूंच्या पीसीला ती लागू नाही. इथे हिशेब साधा आहे. कपॅसिटरवर लिहिलेलं असतं १०५ अंश, समजा २००० तास. दर १० अंश थंडाव्याला आयुष्य साधारण दुप्पट होतं. ७५ अंशाला आठपट, म्हणजे १६,००० तास. रोज पाच तास वापर धरला तर पावणेनऊ वर्षं. आता सुताच्या थराने हवा अडवली, बाहेर नागपूरचा मे, आणि आतलं तापमान १० अंशांनी वाढलं, तर ते निम्मंच. हा बिचारा इतकी वर्षं टिकला, हेच विशेष.

आम्ही लॅबमध्ये दोन्ही कपॅसिटर बदलले. साधे नव्हे, लो-ईएसआर, १०५ अंशांचे. बल्बांच्या परीक्षेत तो ११.८ वर पास झाला. डीएसओवर रिपल पाहिला. १२० मिलिव्होल्टपर्यंत चालतो, याचा ७० भरला. तरीही तो परत काकूंच्या पीसीत बसवला नाही. जिथे बारा जणींचा हिशेब आहे तिथे शिकाऊ हातांचा सोल्डर नको, असं सर म्हणाले आणि ते पटलं. सीताबर्डीवरून साडेनऊशेला नवा एसएमपीएस आणला, जुना आता आमच्या प्रोजेक्टच्या टेबलावर बेंच सप्लाय म्हणून काम करतो. एकूण खर्च, बल्ब, पेस्ट, सेल आणि अर्थिंगची वायर धरून, दोन हजारांच्या आत.

अर्थिंग झाल्यावर न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज १.६ आलं, पत्र्यावर काही नाही. पीसीची जागा बदलून तो आतल्या खोलीत गेला. विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० नंतर सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत, म्हणून त्याला इंटरनेट जोडलेलं नाही. हिशेबाला ते लागतही नाही. काकूंनी वही परत सुरू केली आहे, पीसी चालू असूनसुद्धा. मित्र सध्या ती फाईल युनिकोडमध्ये उतरवतोय. नऊ जणींचं काम झालं; तिघींच्या नावांतली जोडाक्षरं रूपांतर करताना फुटतात, ती त्याला हातानेच दुरुस्त करावी लागताहेत.